कोकणातलं पहिलं बोन्साय : शिमग्याची छाटणी, मृगाची कुंडी

माझं पहिलं बोन्साय जुनिपरचं, म्हणजे थंड प्रदेशातल्या एका सूचिपर्णी झाडाचं होतं. मुंबईतल्या एका प्रदर्शनातून हौसेने आणलं, मालवणजवळच्या आमच्या गावी पडवीच्या कडेला ठेवलं आणि सोबतच्या पुस्तिकेत लिहिलं होतं तसंच सगळं केलं. एप्रिलपर्यंत ते हिरवंगार होतं. जुलैत एका सकाळी फांदीला हात लावला तर पानं कुरकुरीत लागली. जुनिपर आतून मेल्यावरही कित्येक आठवडे हिरवं दिसत राहतं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. म्हणजे बरेच दिवस मी मेलेल्या झाडाला पाणी घालत होते. त्याचं वाईट अजून वाटतं.

कारण पुढे समजलं. जुनिपरला दरवर्षी काही आठवडे खऱ्या थंडीची विश्रांती लागते आणि आपल्या किनाऱ्यावर तेवढी थंडी पडतच नाही. वर जूनपासून सप्टेंबरपर्यंत अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस. पुस्तिका वसंत, हिवाळा अशा हिशोबाने लिहिलेली होती; आपलं वर्ष रोहिणी, मृग, आर्द्रा, हस्त असं चालतं. त्यानंतरची माझी सगळी झाडं मी नक्षत्रं बघून सांभाळली आणि ती जगली. नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी हेच सांगते: झाड इथलं घ्या, कामाचं वेळापत्रक इथल्या पावसावर बेता, आणि कात्रीपेक्षा मुळांजवळ साचणाऱ्या पाण्याची काळजी जास्त करा.

झाड कोणतं घ्यावं

बोन्साय ही झाडाची जात नाही. जपानीत ‘बोन’ म्हणजे पसरट भांडं आणि ‘साय’ म्हणजे त्यात लावलेलं रोप. ही कला चीनमधून जपानात गेली. आपल्याकडे तिला वामनवृक्ष असंही म्हणतात. खोड लाकडी होणारं, छाटल्यावर पुन्हा फुटणारं कुठलंही झाड चालतं.

पहिल्या झाडासाठी माझं मत नांद्रुकाला. नर्सरीत त्याला नुसतं ‘फायकस’ म्हणतात. पान लहान, चकचकीत आणि जाड. छाटलं की महिन्याभरात फुटतं. एखाद दिवस पाणी चुकलं तरी सावरतं. शिवाय आपल्या दमट हवेत त्याला पारंब्या सुटतात. कोरड्या हवेतल्या लोकांना त्यासाठी झाड काचेखाली ठेवावं लागतं, आपल्याला ते पावसाळा आपोआप देतो. नर्सरीत गेलात तर फुगलेल्या कंदासारख्या मुळांचं, वर खडे चिकटवलेलं शोभेचं झाड घेऊ नका. काळ्या पिशवीतलं साधं रोप घ्या. खोड बुंध्याशी अंगठ्याएवढं जाड, वर निमुळतं होत गेलेलं, आणि फांद्या खालपासून असलेल्या. पिशवीच्या तोंडाशी माती थोडी उकरून बघा. मुळं चहूबाजूंनी पसरलेली दिसली तर तेच रोप उचला.

दुसरा मार्ग फुकटचा आहे आणि मला तो जास्त आवडतो. विहिरीच्या कठड्यावर, चिरेबंदी भिंतीत, गडग्यात (दगड रचून केलेल्या कुंपणात) पाखरांनी टाकलेल्या बियांतून वड, पिंपळ, उंबर उगवलेले असतात. पावसाच्या आधी साफसफाईत ते उपटून फेकले जातात, कारण राहू दिले तर चिरे (जांभ्याचे दगड) फोडतात. मी शेजारच्या विहिरीवरचा वड काढायला निघाले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “वडाक कोयती लावू नको गो बाय.” त्यांना सांगितलं की चार दिवसांनी गडी येऊन तो उपटणारच आहे, मी त्याला कुंडीत नेते आहे. मग त्यांनीच पाण्याचा तांब्या आणून दिला. अशा झाडाची मुळं फटीत वाढल्यामुळे आधीच चपटी झालेली असतात, ती पसरट कुंडीत छान बसतात. रोप हिसकू नका. आजूबाजूचा सुटा चुना आणि माती खरवडा, जेवढी बारीक मुळं मिळतील तेवढी घ्या, ओल्या फडक्यात गुंडाळा. मोठी पानं अर्धी कापा, म्हणजे पाणी कमी उडेल. मालकाला विचारूनच काढा, आणि राखीव जंगलातून तर काहीच उपटू नका.

वडाचं पान मोठं, पिंपळाला वर लांब देठ. ती झाडं छोट्या कुंडीत बेढब दिसतात, म्हणून त्यांना हातभर उंच ठेवायचं. चिंच, करवंद, कुंती ही झाडं दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी घ्या. आकार शिकायचा असेल तर सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर जा. कातळाच्या भेगेत, खाऱ्या वाऱ्याच्या तोंडावर वाढलेली करवंदाची झुडपं बघा. वारा येतो त्या बाजूला फांदी नाही, सगळं झाड एका अंगाला कललेलं. मी अजूनही तिथेच जाऊन बघते. तिथलं झुडूप खणून आणायचा मोह मात्र आवरा. त्याचं मूळ कातळात खोल गेलेलं असतं, आणि बहुतेक वेळा ते जगत नाही.

आधी जाड होऊ द्या

नवखे लोक पसरट कुंडी आधी आणतात. पण छोट्या कुंडीत गेलं की खोड जाड होणं जवळपास थांबतं. खोड जाडावतं ते वर भरपूर पानं असतील तेव्हा. म्हणून रोप काडीसारखं असेल तर एक-दोन वर्षं परसात जमिनीत किंवा मोठ्या टबात मोकळं वाढू द्या. खाली फरशीचा तुकडा ठेवून त्यावर लावलंत तर सोटमूळ खोल न जाता मुळं आडवी पसरतात. अंगठ्याएवढं खोड असेल तर लगेच कुंडीत न्यायला हरकत नाही.

माती : इथे घाई नको

अंघोळीचा एक चौकोनी स्पंज घ्या. पाण्यात बुडवून आडवा धरा. ठिबकणं थांबलं की तो उभा करा. पुन्हा पाणी गळू लागेल. कुंडीतही हेच होतं. कुठल्याही मातीच्या तळाशी काही बोटं उंचीचा थर पाण्याने भरलेला राहतो, तो भोकातूनही निघत नाही. खोल कुंडीत मुळं त्याच्या वर असतात. चार बोटं खोलीच्या बोन्सायच्या कुंडीत मात्र तो थर अर्धी कुंडी व्यापतो. मुळांना हवा मिळत नाही, ती काळी पडून कुजतात. कण जितके मोठे तितका हा थर पातळ. म्हणून बागेतली तांबडी माती बोन्सायला चालत नाही, कितीही सुपीक असली तरी.

माझं मिश्रण असं: तीन भाग पक्क्या भाजलेल्या विटेचा किंवा कडक चिऱ्याचा चुरा, एक भाग जाड नदीची वाळू, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत. चुरा दोन चाळणींतून काढा. मोठ्या चाळणीवर राहिलेले सहा मिलिमीटरहून मोठे तुकडे कुंडीच्या तळाला घालू नका, बाजूलाच ठेवा. तळाला खडे घातल्याने ओला थर जात नाही, फक्त वर सरकतो. बारीक चाळणीतून पडलेली पिठी पूर्ण फेकून द्या, कारण सगळं बिघडतं ते तिच्यामुळे. चिरा घ्याल तर आधी दोन दिवस पाण्यात भिजवून चिमटीत दाबा. चिखल झाला तर तो चिरा मऊ आहे, विटेकडे वळा.

वाळू खाडीची किंवा समुद्राची नको, तिच्यात मीठ असतं. नारळाच्या सोडणाचा भुसा आपल्याकडे सहज मिळतो, पण त्यातही खारटपणा असतो आणि पावसात तो फार पाणी धरतो. मी तो वापरत नाही. कच्चं शेणखत तर अजिबात नको. त्यातून हुमणी येते आणि ती मुळं खाते. एक वर्ष जुनं, हाताला कोरडं, वास नसलेलं खत घ्या.

कुंडीला खाली दोन तरी मोठी भोकं हवीत. त्यांवर मच्छरदाणीच्या प्लॅस्टिक जाळीचा तुकडा ठेवा. झाड भोकातून आलेल्या तारेने कुंडीला घट्ट बांधा. हे बांधणं लोक टाळतात आणि मग नैऋत्येच्या वाऱ्यात झाड हलत राहतं, नवी नाजूक मुळं तुटतात.

जागा आणि खारा वारा

बोन्साय घरात ठेवायची वस्तू नाही. नांद्रुकाला आणि वडाला निदान चार-पाच तास ऊन लागतं. खळ्यात (अंगणात) पूर्वेच्या बाजूला, दोन चिऱ्यांवर फळी टाकून तिच्यावर ठेवा. थेट सिमेंटवर ठेवलेली कुंडी एप्रिलमध्ये खालून भाजते. मार्चनंतर दुपारच्या उन्हाला वर एखादा झाप बांधा.

समुद्र जवळ असेल तर पानांच्या कडा तपकिरी होतात. ते मीठ असतं. पाऊस नसेल त्या काळात आठवड्यातून एकदा गोड्या पाण्याने पानं धुवा. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं तेव्हा मी कुंड्या आत घेतल्या, पण एक कुंती गडग्यामागे राहिली. दोन दिवसांत तिची वाऱ्याकडची सगळी पानं होरपळल्यासारखी झाली. वारा थांबल्यावर झाड आणि माती दोन्ही भरपूर पाण्याने धुऊन काढली, छाटणी केली नाही, आणि आषाढात ती फुटली. वादळानंतर पहिलं काम धुण्याचं, हे तेव्हापासून माझ्या डोक्यात पक्कं आहे.

पाणी

रोज सकाळी आठला एक तांब्या, असा नियम करू नका. झाडूतली नारळाची हीर घ्या, बोटभर खोल मातीत खुपसा, पाच मिनिटांनी काढा. गार, ओलसर, काळपट लागली तर आज पाणी नको. कोरडी निघाली तर झारीने तळातून पाणी वाहीपर्यंत घाला, थोडं थांबून पुन्हा एकदा. वरून शिंपडलेलं थोडंसं पाणी वरचा थर भिजवतं आणि खालची मुळं तहानलेली राहतात. एप्रिल-मे महिन्यांत दोन वेळा घालावं लागतं, डिसेंबरात कधी एक दिवसाआड.

किनाऱ्यालगतच्या विहिरींचं पाणी एप्रिलनंतर मचूळ होतं. कुंडीच्या काठावर पांढरा थर दिसू लागला की समजा. तेव्हा पिण्यासाठी आणलेल्या गोड्या पाण्यातलं थोडं झाडाला ठेवा, निदान आठवड्यातून एकदा त्याने माती धुऊन निघेल असं घाला.

मृगापासून प्रश्न उलटा होतो. पाऊस झाडाला हवाच आहे, त्याने मातीतलं मीठही वाहून जातं. पण कुंडी पागोळीखाली नको. छपराची धार माती उकरून नेते. आर्द्रा-पुनर्वसूत झड लागते तेव्हा कुंडीच्या एका बाजूखाली चिऱ्याचा तुकडा सरकवा आणि ती तिरकी ठेवा. उभा केलेला स्पंज आठवा. साचलेलं पाणी खालच्या कोपऱ्यातून निघून जातं. सात-आठ दिवस ऊनच नसेल तर कुंडी पडवीत घ्या. शेवाळ मातीवर चालतं, खोडावर चढलं की जुन्या दातघासणीने हलकेच काढा. पानं पिवळी पडून गळू लागली आणि माती ओली असेल तर खत घालू नका, आधी पाणी तोडा.

छाटणी

फांद्या ठरवायची मोठी छाटणी मी शिमग्यानंतर करते, मार्चच्या शेवटापर्यंत. ऊन वाढलेलं असतं, रस चढता असतो, जखम कोरडी राहते आणि पावसाआधी झाड भरून येतं. भर पावसात मोठी फांदी कापली तर कापलेल्या जागी बुरशी धरते. झाड नुकतं आणलेलं, नुकती कुंडी बदललेलं किंवा आजारी असेल तर यंदाची छाटणी सोडून द्या.

हत्यारं दोनच: सिकेटर (फांद्या कापायची कात्री) आणि टोकदार लहान कात्री. पाती स्पिरिटने पुसा. काम झालं की खोबरेल तेलाचा हात फिरवा, नाही तर आपल्या हवेत महिन्याभरात गंजतात.

कापण्याआधी कुंडी डोळ्यांच्या उंचीवर ठेवा आणि फिरवत बघा. बुंध्याशी मुळं कुठून छान पसरलेली दिसतात, खोडाचं वळण कुठून उठून दिसतं, ती बाजू समोरची. खडूने कुंडीवर खूण करा. मग चहा घ्या, परत येऊन बघा. मी पहिल्या वडाला समोरची बाजू ठरवायला आठवडा घेतला आणि तो वेळ कारणी लागला.

आधी सुकलेलं काढा. मग एकाच जागेतून तीन-चार फांद्या फुटल्या असतील तर दोन ठेवा; नाही तर तिथे गाठ फुगते आणि ती पुढे जात नाही. वळणाच्या आतल्या बाजूची फांदी काढा, बाहेरच्या बाजूची ठेवा. सरळ वर जाणाऱ्या, सरळ खाली लोंबणाऱ्या, दुसरीला छेदणाऱ्या काढा. सगळ्यांत खालची फांदी साधारण एक तृतीयांश उंचीवर असावी आणि तीच सर्वांत जाड. वर जाताना फांद्या बारीक आणि जवळजवळ होत जाव्यात. हे सगळं करताना एका दिवशी एक तृतीयांशाहून जास्त पानं जाऊ देऊ नका.

आता शेंडा. वाढणाऱ्या शेंड्यात ऑक्सिन नावाचं द्रव्य तयार होतं, ते खाली उतरतं आणि खालच्या डोळ्यांना, म्हणजे फांदी फुटते त्या जागांना, झोपवून ठेवतं. शेंडा कापला की ते डोळे जागे होतात. म्हणून झाडाचा वरचा भाग कडक छाटायचा आणि खालच्या फांद्यांना मोकळं सोडायचं. बहुतेक जण उलटं करतात, कारण खालचं पसरलेलं डोळ्यांना खुपतं. दोन वर्षांत खालच्या फांद्या रोडावून मरतात, वर झाडूसारखा झुपका राहतो, आणि खालची फांदी पुन्हा आणणं फार कठीण जातं. खालची फांदी जाड करायची असेल तर तिचं टोक हातभर वाढलं तरी शिवू नका.

कुठे कापायचं ते पानावरून ठरवा. प्रत्येक पानाच्या बगलेत डोळा असतो आणि नवी फांदी त्याच दिशेने निघते. बाहेर बघणाऱ्या पानाच्या किंचित वर कापा. नांद्रुक, वड यांच्यात अगदी सपाट न कापता पाव इंच थोटूक ठेवा. ते आपोआप वाळतं, महिन्या-दोन महिन्यांनी साफ करा. पांढरा चीक वाहू लागला की घाबरू नका. ओल्या फडक्याने टिपा, पाण्याचा फवारा मारा, थांबतो. कपड्याला त्याचा डाग पडतो, कातडीला खाज येऊ शकते, डोळ्यांना हात लावू नका. बोटाहून जाड फांदी कापली तर बागायतदार आंब्याला लावतात तीच बोर्डो पेस्ट लावा: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी या प्रमाणात. झाडासाठी चमचाभर पुरते, शेजारच्या बागेतून वाटीभर मागून आणा.

वर्षभराची बारीक छाटणी सोपी. फांदीला सहा-आठ पानं आली की दोन-तीन ठेवून कापायची. प्रत्येक कापाला एकाच्या जागी दोन फुटतात, पानंही हळूहळू लहान होतात. ही पावसात उघडीप बघून केली तरी चालते. सगळी पानं काढून टाकण्याची पद्धत ऐकली असेल, तिच्याकडे पहिली तीन वर्षं वळू नका.

तारेबद्दल थोडक्यात. अल्युमिनियमची तार घ्या, लोखंडी बांधणीची तार खाऱ्या हवेत गंजून सालीला चिकटते. जाडी फांदीच्या एक तृतीयांश, वेढे तिरके, साधारण पंचेचाळीस अंशांत. वाढीच्या दिवसांत दर आठवड्याला बघा. नांद्रुकाच्या सालीत ती महिन्याभरातही रुतते. काढताना उलगडू नका, तुकडे करून काढा.

मृगात कुंडी बदलणं

दर दोन वर्षांनी, रोहिणी सरताना किंवा मृगाच्या पहिल्या सरी पडल्यावर. हवा दमट असते, पानं कोमेजत नाहीत. झाड सोडवा, बांबूच्या काडीने मुळं बाहेरून आत विंचरा. गोल गोल फिरलेली, काळी, मऊ मुळं आणि खाली जाणारी जाड मुळं कापा. एकूण मुळांपैकी एक तृतीयांशापर्यंतच. बारीक पांढरी मुळं जपा. नवी माती कोरडी असू द्या, काडीने हलवत मुळांमध्ये भरा, पोकळी राहू देऊ नका. बांधा, भरपूर पाणी द्या, आणि तीन आठवडे पडवीत, वारा आणि झड न लागणाऱ्या उजेडात ठेवा. शिमग्यात छाटणी, मृगात मुळं. या दोन कामांत एवढं अंतर राहिलं की झाडाला ते झेपतं.

खत कुंडी बदलल्यावर सहा आठवडे नको. नंतर निंबोळी पेंड आणि शेंगदाण्याची पेंड सारखी मिसळून, कुंडीच्या काठाने महिन्यातून एकदा दोन चमचे. मुसळधार पावसाचे महिने सोडा, सगळं वाहून जातं. मुंग्यांची रांग खोडावर दिसली तर पानांखाली पिठ्या ढेकूण शोधा. पानं मध्ये दुमडून शेंगेसारखी झाली असतील तर आत फुलकिडे आहेत. ती पानं तोडून जाळा. दोन्हींवर लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि थोडा पातळ साबण, संध्याकाळी फवारायचं, आठवड्याने पुन्हा.

दर शिमग्याला छाटणीच्या आधी, त्याच पाटावर, खडूच्या खुणेकडून मी एक फोटो काढते. चार-पाच वर्षांचे फोटो शेजारी ठेवले की कुठली फांदी उगाच ठेवली ते दिसतं. विहिरीवरच्या वडाची डावीकडची दुसरी फांदी मला अशीच सापडली आहे. तिने खालच्या फांदीचं ऊन अडवलं आहे. येत्या मार्चमध्ये ती काढायची आहे.